हिरव्या खुंट्यांची जागा

बायको गेली की माणसाला कुणाचा तरी राग येतोच. कुणी डॉक्टरांना बोल लावतं, कुणी नशिबाला. कातारी मात्र एका उंच, पोक काढून चालणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा माणसावर डूख धरून बसला होता.

तो माणूस काताऱ्याच्या बायकोबरोबर प्रयोगशाळेत काम करायचा. दोघं मिळून नसा बघायचे. अंधाऱ्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक होता, त्याला बघायच्या दोन जागा होत्या. एका जागी ही बसायची, दुसऱ्या जागी तो. दोघांना एकाच वेळी एकच दिसायचं. बायकोने हे लग्नानंतर कधीतरी सहज सांगितलं आणि विसरूनही गेली. कातारी विसरला नाही. तो दिवसभर लेथवर लाकूड कातायचा, खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, आणि लाकडाचा भुसा उडत असताना त्याच्या डोक्यात ती अंधारी खोली असायची.

त्याने त्या माणसाचं नाव ठेवलं होतं दुर्बीण.

"मग, आज दुर्बीण काय म्हणाली?" तो जेवताना विचारायचा.

"दुर्बीण लांबचं दाखवते हो," बायको हसायची. "आमचं काम अगदी जवळचं."

तिला त्यात काही वाटायचं नाही. याचा घास मात्र तोंडात फिरत राहायचा.

मग तिनेच त्याला एक काम मिळवून दिलं. वैद्यकीय कॉलेजच्या संग्रहालयाला नसेचा मोठा लाकडी नमुना हवा होता, मुलांना हात लावून बघता येईल असा. कॉलेजवाले प्लॅस्टिकचा मागवणार होते. ही म्हणाली, आमचे हे करतील, आणि तुमच्या प्लॅस्टिकपेक्षा चांगला करतील.

त्या दिवशी तिने त्याला सगळं समजावलं ते झाडूच्या दांड्यावर. स्वयंपाकघरातच. दांड्याला टॉवेलचे दोन तुकडे गुंडाळले, मधे बोटभर दांडा उघडा ठेवला.

"हा दांडा म्हणजे नसेतला एक तंतू. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. मधे पातळ पडदा. त्या पडद्यात दारं असतात. सोडियमची दारं उघडली की सोडियम आत घुसतो. त्याच्या धक्क्याने पुढची दारं उघडतात. असा निरोप पळतो."

"आणि टॉवेल कशाला?"

"ती चरबीची गुंडाळी. तिच्यामुळे निरोप रेंगाळत नाही, एका फटीवरून पुढच्या फटीवर उडी मारतो. म्हणून सोडियमची दारं या फटीत दाटीवाटीने बसलेली असतात."

"पोटॅशियमची?"

"ती फटीशेजारी, टॉवेलच्या कडेखाली दडून असतात. बघणाऱ्याला वाटतं नाहीतच. पण असतात."

"आणि आत घुसलेला सोडियम? तो आतच राहतो?"

"मग एव्हाना आपण सगळे आटोपलो असतो. त्याला बाहेर काढायला पंप असतात. रात्रंदिवस उपसतात. सोडियम बाहेर, पोटॅशियम आत."

"ते कुठे बसवायचे?"

तिने टॉवेलवर बोट ठेवलं, मग फटीवर ठेवलं, मग उचललं.

"पंपांचं अजून भांडण आहे. दुनियेतही आहे आणि आमच्यातही आहे. आमचं ठरलं की सांगते."

आमचं. काताऱ्याने झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला. टॉवेल तसाच होता त्याला.

भांडण साधं होतं. पंपांना चिकटणारा एक रंग ते वापरायचे, तो अंधारात चमकायचा. दुर्बिणीचं म्हणणं, रंग फटीतच चमकतो, म्हणजे पंप फटीतच. हिचं म्हणणं, रंग गुंडाळीच्या खाली पोचतच नाही, तर तिथे चमकणार काय? न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. तिच्या मते पंप गुंडाळीखाली तंतूच्या सबंध लांबीवर होते. त्यावरून दोघं तासन् तास वाद घालायचे म्हणे. काताऱ्याशी ती कधी वाद घालत नसे. तो चिडला की ती चहा टाकायची. आता त्याला त्याचंही वाईट वाटू लागलं, की दुर्बिणीच्या वाट्याला वाद आले आणि आपल्या वाट्याला चहा.

त्यातच तिने दोन पट्ट्या मागितल्या. हातभर लांब, अगदी एकसारख्या, मऊ लाकडाच्या, मधे एक खाच.

"दोन कशाला?"

"एक मला, एक त्यांना. दोघांनी एकच नस बघायची, आपापल्या पट्टीवर टाचण्या टोचायच्या. एकमेकांच्या पट्टीकडे न बघता. कुणी काही बोलायचं नाही. मग दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवायच्या. नाहीतर काय होतं, मी एक म्हटलं की त्यांनाही तेच दिसायला लागतं."

"तुझं ऐकतो वाटतं फार."

"अहो," ती म्हणाली, "पट्ट्या करणार आहात का मी बाजारातून आणू?"

त्याने केल्या. दुसऱ्या माणसासाठी स्वतःच्या हाताने पट्टी घासताना त्याचे दात आवळलेले होते, पण काम वाईट करणं त्याच्या रक्तात नव्हतं. दोन्ही पट्ट्या अशा झाल्या की त्याला स्वतःला ओळखता येईनात.

नमुना हळूहळू उभा राहिला. माणूस आडवा झोपेल एवढा लांब दांडा, त्यावर मधली फट सोडून कागदासारख्या पातळ लाकडाच्या, व्हीनिअरच्या थरांची गुंडाळी, दारासारखी उघडणारी. सोडियमच्या दारांसाठी लाल खुंट्या, पोटॅशियमसाठी निळ्या, पंपांसाठी हिरव्या. लाल आणि निळ्या बसल्या. हिरव्यांची पिशवी खिळ्याला लटकत राहिली.

"हिरव्या शेवटी," ती म्हणाली होती. "आम्ही आता नवीन युक्ती केलीये. गुंडाळीतली चरबी आधी धुऊन टाकायची, मग रंग आत शिरेल. तशी नस काचेवर लावतोय. ती काच तयार झाली की दोघं बघू. मग सांगते."

ती काच तयार झाली तेव्हा ती इस्पितळात होती. मग इस्पितळातही नव्हती.

दुर्बीण सगळ्या विधींना मागच्या रांगेत उभी होती. काताऱ्याने बघून न बघितल्यासारखं केलं. नंतर फोन यायला लागले. फोन लेक घ्यायची.

"बाबा, काका विचारतायत, कधी येऊ?"

"काका कुठला? तुझ्या आईला भाऊ नव्हता."

"नमुन्याबद्दल बोलायचंय म्हणतात."

"सांग, नमुना झाला."

आणि फोन ठेवल्यावर त्याने तो खरोखरच करायला घेतला. गुंडाळीची दारं उघडली आणि गिरमिटाने भोकं पाडत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळी गुंडाळीच्या खाली. हिच्या मताप्रमाणे. प्रत्येक हिरवी खुंटी सरसात बुडवून ठोकली. फटीत एकही नाही. उलट फटीत आणखी लाल खुंट्या भरल्या, एकीला एक खेटून, मुंगीलासुद्धा शिरायला वाव राहू नये अशा. उद्या कुणी आलंच, इथे एक हिरवी बसवा म्हणायला, तर त्याला दाखवता आलं पाहिजे की इथे जागाच नाही.

लेक दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात चहाचे दोन कप होते.

"आईने थांबायला सांगितलं होतं ना?"

"तिला काय वाटत होतं ते मला ठाऊक आहे. नवरा आहे मी तिचा."

"ते कोण नाकारतंय?" ती म्हणाली आणि एक कप सरसाच्या डब्याशेजारी ठेवून गेली.

शेवटी दुर्बीण न विचारताच कारखान्यात आली. लेथ चालू होता म्हणून दार वाजवलेलं ऐकू गेलं नाही. काताऱ्याने मान वर केली तर समोर तो, पोक काढून, कोटावर भुसा पडतोय तरी झटकत नाही. नमुन्याकडे बघत होता. गुंडाळीची दारं उघडी होती.

"बसवल्या तुम्ही," तो म्हणाला.

"बसवल्या."

"फटीत नाही बसवली एकही."

"तिला तसं वाटत नव्हतं."

"नाही. तसं नव्हतं." त्याने वाकून फटीतल्या लाल खुंट्या पाहिल्या. "ती काच फ्रीजमध्ये तशीच आहे. चरबी धुतलेली. त्यांनी स्वतः तयार करायला घेतली होती, धुताना शेवटचं पाणी मी दिलं. बघितली नाही अजून."

"का? डोळे गेले?"

"दोघांनी बघायची असते."

"मग ठेवा कुणाला तरी दुसऱ्या जागी. नोकरीला माणसं मिळतात."

"मिळतील. पुढच्या महिन्यात दोन नवीन मुली येतायत, त्या सगळं पहिल्यापासून मोजतील. छापायचं ते त्यांनी मोजलेलं छापू. पण तुमचा नमुना त्याआधी जाणार. म्हणून म्हटलं, तुम्ही याल का."

काताऱ्याला वाटलं, चांगलं तोंडावर नाही म्हणावं. पण त्याच क्षणी त्याला तिची ती जागा बघायची इच्छा झाली. ज्या खोलीने आपली झोप उडवली ती कशी आहे ते तरी बघू.

खोली अगदीच लहान होती. त्याने मनात रंगवली होती त्याच्या निम्मीसुद्धा नसेल. भिंतींना काळा रंग, खिडकीवर पुठ्ठा, एका कोपऱ्यात मोडका पंखा. त्याला औषधाचा वास येईल असं वाटलं होतं. वास धुळीचा येत होता. दुर्बिणीने एक खुर्ची पुढे केली.

"ही त्यांची."

खुर्ची उंच केलेली होती. बायको बुटकी होती, उंच खुर्चीशिवाय तिचे डोळे नळीपर्यंत पोचले नसते. कातारी बसला तर त्याचे गुडघे टेबलाला लागले. दुर्बिणीने वाकून खुर्ची खाली करायला दांडी धरली.

"राहू दे," कातारी म्हणाला.

तो मान मोडून, गुडघे वाकडे करून तसाच बसला.

दुर्बिणीने दोन पट्ट्या काढल्या आणि हिरव्या डोक्यांच्या टाचण्यांची डबी. एक पट्टी त्याच्यासमोर ठेवली. पट्टीचं एक टोक कुरतडल्यासारखं झालेलं होतं.

"ही त्यांची. विचार करताना चावायच्या."

घरात एकाही पेन्सिलीचं टोक धड नव्हतं. ती चावायची हे फक्त आपल्याला माहीत आहे असं त्याला आजवर वाटत होतं.

"पेन्सिलीपण," तो म्हणाला.

"हो, आमच्यापण," दुर्बीण म्हणाली. "आता मी दिवा घालवतो. खाच म्हणजे फट. जिथे हिरवं दिसेल तिथे टाचणी. जास्त दिसलं तर जास्त टाचण्या. माझ्याकडे बघायचं नाही. मी तुमच्याकडे बघणार नाही."

अंधार झाला. काताऱ्याने डोळे नळीला लावले. आधी नुसताच काळोख. मग एक तंतू दिसला, सुतासारखा, कुठल्या तरी फार खोल पाण्यात पडलेला. आणि मग डोळे सरावले तसा हिरवा रंग दिसायला लागला. गुंडाळीच्या जागेखाली, सबंध लांबीवर, मंद, थेंबाथेंबाने, जिथवर बघावं तिथवर.

पंप तिथे होते. तिचं बरोबर होतं. ही खोली, हा अंधार, हे सगळं आता त्याचंही होतं, आणि तिचं म्हणणं खरं झाल्याचं बघायला ती इथे नव्हती. तो चाचपडत टाचण्या टोचत गेला. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग त्याची नजर मधे आली.

फटीतही हिरवं होतं. थोडंथोडकं नव्हतं, ढळढळीत होतं. मंद नाही, घट्ट.

त्याने डोळे मिटले. परत उघडले. तसंच होतं.

हातात टाचणी होती. कुणी बघत नव्हतं. दुर्बिणीचे डोळे दुसऱ्या नळीला लागलेले होते, आणि बघणाऱ्याला तरी अंधारात काय दिसणार? खाचेत टाचणी नाही टोचली तर काय बिघडणार होतं? तिचं म्हणणं पूर्ण जिंकणार होतं. नमुना जसा आहे तसा जाणार होता. आणि हा माणूस, ज्याने तिच्या दिवसाचा मोठा वाटा खाल्ला, तो एका तरी गोष्टीत सपशेल हरणार होता. काताऱ्याला ते इतकं गोड वाटलं की तो क्षणभर तसाच बसून राहिला.

मग त्याच्या अंगठ्याला पट्टीचं ते चावलेलं टोक लागलं. मी एक म्हटलं की त्यांनाही तेच दिसायला लागतं, ती म्हणाली होती. म्हणून तर पट्ट्या करून घेतल्या. त्याच्याचकडून.

त्याने खाचेत टाचणी टोचली. मग दुसरी. मग खाच भरली.

"झालं," तो म्हणाला.

दुर्बिणीने दिवा लावला. दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. काताऱ्याची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी, मधली खाचही. दुसऱ्या पट्टीवर दोन्ही बाजूंना टाचण्या ओळीने टोचलेल्या, आणि खाच रिकामी. एकही टाचणी नाही.

कातारी पट्ट्यांकडे बघत राहिला.

"तुम्हाला फटीत दिसलं नाही?"

दुर्बीण उरलेल्या टाचण्या डबीत भरू लागली.

"सगळ्या दुनियेशी भांडलात की फटीत असतं म्हणून. आज असताना दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

तो माणूस टाचण्यांच्या डबीचं झाकण लावत होता. ते बसत नव्हतं.

"म्हटलं, एवढं एक तरी त्यांना पुरतं मिळू दे," तो म्हणाला. "माझ्या निम्म्याशिवाय."

काताऱ्याला सगळं कळलं. कुणी सांगायला नको होतं. इतके दिवस ज्या गोष्टीचा संशय घेतला, जी खोटी ठरावी म्हणून मनातल्या मनात हात जोडले, ती समोर उभी होती, पोक काढून, हातात डबी घेऊन.

"तिला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"नाही. कधी बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. कामाची वेळ संपली की त्या कोट अडकवायच्या. अर्धं वाक्य राहिलं असलं तरी. म्हणायच्या, घरी वाट बघत असतील. मी ते वाक्य दुसऱ्या दिवशीपर्यंत घेऊन बसायचो."

काताऱ्याच्या डोक्यात आलं, याला एक ठेवून द्यावी. आणि त्याच वेळी असंही आलं, की आपण खरोखर वाट बघत असायचो. ती आली की तोंड वाकडं करून बसायचो, पण वाट बघायचो. हा इथे, आपण तिथे, आणि मधल्या रस्त्यावर ती, घाईघाईने चालत येणारी. त्या रस्त्यावर ती काय विचार करायची ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"तुम्ही खोटं टोचलंत हे तिला कळलं असतं ना," तो म्हणाला, "तर तिने तुम्हाला या खोलीत परत पाऊल टाकू दिलं नसतं."

"हो."

"तुमच्याशी बोलणं टाकलं असतं."

"माहीत आहे हो."

"मग टोचा."

दुर्बिणीने त्याच्याकडे बघितलं. मग डबी उघडली आणि आपल्या पट्टीच्या खाचेत टाचण्या टोचायला लागला. एक टाचणी खाली पडली, ती काताऱ्याने उचलून दिली. खाच भरेपर्यंत कातारी उभा राहिला. उपकार म्हणून नाही. तो पहारा होता.

निघताना त्याने चावलेली पट्टी टाचण्यांसकट काखेत घेतली.

"ही मी नेतो."

"न्या," तो माणूस म्हणाला. त्याचे डोळे पट्टीवरून हलत नव्हते. "दुसरी माझ्याकडे राहिली तर चालेल?"

ती पट्टीही काताऱ्यानेच केली होती. ती तिने कधी चावली नव्हती. तरी ती तिच्या शेजारी राहिलेली होती, आणि तेवढ्यानेही त्याला टोचलं.

"राहू दे," तो म्हणाला. "तुमच्याचसाठी केली होती."

घरी आल्यावर त्याने नमुना टेबलावर आडवा घेतला आणि फटीवर दिवा ओढला. लाल खुंट्या एकीला एक खेटून उभ्या होत्या. स्वतःच्याच कामाचा राग यावा इतकं ते चांगलं बसलं होतं. लेक पट्टीवरच्या टाचण्या मोजत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं होतं, म्हणजे पंपांचं सगळं. बाकीचं नाही.

"म्हणजे दोघांचंही बरोबर होतं?"

"त्या काचेत तरी. पुढचं नवीन मुली बघतील."

"मग आता हिरव्या कुठे बसवणार? जागाच ठेवली नाहीये तुम्ही."

"दिसतंय मला."

त्याने पक्कड घेतली, एका लाल खुंटीचं डोकं धरलं आणि ओढलं. सरस पक्का बसला होता. खुंटी हलली नाही. त्याने गरम पाण्याचा फडका मागितला, फटीभोवती दाबून धरला आणि सरस मऊ व्हायची वाट बघत राहिला.

"काकांना फोन करू?" लेकीने विचारलं. "बघायला येतील, बरोबर बसतायत का."

फडक्यातलं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं.

"उद्या कर," तो म्हणाला. "आणि सांग, एप्रन घालून या म्हणावं. मागच्या वेळी सगळा भुसा कोटावर घेऊन गेला."

मग त्याने पुन्हा ओढलं, आणि पहिली लाल खुंटी निघाली.